पोटावरची पिशवी आणि कोल्हापूरच्या दोन खेपा

ज्यांच्या पोटावर माझ्यासारखी पिशवी आहे आणि ज्यांना दुर्बिणीने आतडं तपासून घ्यायला सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त जेवायला बसण्याआधी वाचू नये. मला हे सगळं कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. सांगणारं माणूस भेटलं, पण एका खेपेनंतर. ती एक खेप तुमची वाचावी, एवढीच इच्छा.

मी रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत टायपिस्ट आहे. यजमान मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. मुलगी लग्न होऊन सोलापूरला.

कळलं तो दिवस

त्रेचाळिसाव्या वर्षी मला गुदाशयाचा कॅन्सर निघाला. दोन वर्षं मूळव्याध म्हणून मलम लावत होते. कोल्हापूरच्या इस्पितळात डॉक्टरांनी तपासलं, हात धुतले आणि टॉवेलला पुसत पुसतच सांगितलं. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. त्यांनी प्रत्येक बोट वेगळं पुसलं. ते म्हणाले, "आतड्याचा शेवटचा भाग काढावा लागेल. खालची वाट कायमची बंद होईल. पोटावर डाव्या बाजूला तोंड काढून देऊ, त्याला स्टोमा म्हणतात. तिथे पिशवी लावायची."

"कायमची?" यजमानांनी विचारलं.

"कायमची."

मी विचारलं, "साडी नेसता येईल का?" त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. डॉक्टर हसले नाहीत, म्हणून ते मला आवडले. "येईल. गाठ जरा वर घ्या," ते म्हणाले.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर चौथ्या दिवशी मी ते तोंड पाहिलं. लालबुंद, ओलं, ओठ मुडपून बसल्यासारखं. त्याला दुखत नाही आणि त्याच्यावर आपला काही ताबाही चालत नाही. कधी मळ येणार हे ते सांगत नाही. ऑफिसात साहेब मजकूर सांगत असताना येतं, हळदीकुंकवाला बसलेलं असताना येतं. मला मिळालेली पिशवी रबराची होती, कंबरेला पट्टा बांधून अडकवायची. दोन होत्या. एक वापरायची, दुसरी धुऊन, आतून पावडर लावून न्हाणीघराच्या मागे वाळत घालायची. तिथे कुणी येत नाही.

यजमानांनी इस्पितळात माझं सगळं केलं. पण ते तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही. मी पिशवी बदलायला घेतली की ते उठून बाहेर जायचे. मी दाखवलं नाही, त्यांनी मागितलं नाही. घरी आल्यापासून ते बाहेरच्या खोलीत निजायला लागले. तुला हातपाय पसरायला जागा हवी, असं म्हणाले.

रक्त

वर्ष बरं गेलं. मग एका सकाळी पिशवीत रक्त दिसलं. फार नव्हतं, बोटभर. दोन दिवस मी कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा दिसलं तेव्हा सांगितलं. सासूबाई देवघरात होत्या, तिथूनच म्हणाल्या, "पत्र घाल हो डॉक्टरला. आजच घाल."

डॉक्टरांचं उत्तर आलं. राहिलेलं आतडं पूर्ण तपासायला हवं, स्टोमातून दुर्बीण घालून पाहू, असं त्यात होतं. सोबत तयारीचा एक सायक्लोस्टाइल कागद. तीन दिवस भाजी, फळं, डाळी बंद. आदल्या दिवशी नुसतं पातळ, तेही गाळलेलं. दुपारी दोन वाजता एरंडेल. सकाळी दोन एनिमा. लाल रंगाचं काही प्यायचं नाही, आत गेल्यावर ते रक्तासारखं दिसतं.

"म्हणजे कोकमाचं सारसुद्धा नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग माणसाने प्यावं तरी काय?" असं म्हणून त्या उठल्या आणि तांदूळ धुवायला बसल्या. त्या तीन दिवसांत त्यांनी पेज शिजवून, पंच्याच्या फडक्यातून गाळून, वरचं पाणी मीठ घालून मला दिलं. एकही शीत राहू नये म्हणून चष्मा लावून गाळत. त्यांचे गुरुवारचे उपास चालू होते. मला म्हणाल्या, "तुझा उपास माझ्यापेक्षा कडक गो."

कागदातली एनिमाची ओळ मी चार वेळा वाचली. माझी खालची वाट तर शिवून टाकलेली. मग एनिमा घ्यायचा कुठून? आदल्या दिवशी सकाळी मी आमच्या जवळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर नव्हते. सिस्टरने कागद वाचला, माझं पोट पाहिलं आणि पुन्हा कागद वाचला. "बाई, मी हे कधी केलेलं नाही. कुठून देऊ?" ती म्हणाली. मी म्हटलं, "मलाही तेच विचारायचं होतं." शेवटी आम्ही दोघींनी ठरवलं की एरंडेल जास्त घेतलं म्हणजे चालेल. ते चालत नाही. पण तेव्हा कुणाला ठाऊक?

आंबा घाट

सकाळची पहिली एस.टी. होती. मला बायकांच्या सीटवर खिडकीजवळ जागा मिळाली. यजमान दोन रांगा मागे. एरंडेलाचं काम संध्याकाळीच संपलंय असं मला वाटलं होतं. नाणीजपर्यंत सगळं ठीक होतं. साखरप्याला देवरुखकडून आलेली काही माणसं चढली. त्यांतली एक बाई माझ्या शेजारी बसली. साठीची असेल, काटक, मांडीवर बोचकं. मलकापूरला लेकीकडे चालले म्हणाली.

घाट सुरू झाला. पिशवी भरत चालल्याचं हाताला कळत होतं. मी पदराखालून ती दोन्ही हातांनी धरून बसले. तिसऱ्या की चौथ्या वळणावर पट्टा सरकला आणि सगळं मांडीवर आलं. गरम. मग वास.

एस.टी.त आधी बोलणं थांबलं. मग कुणीतरी खिडकी उघडली. पुढचा एक माणूस मागे वळून बघायला लागला. कुणीतरी म्हणालं, "कुणाच्या पोराने केलंय का?" मी खाली बघत बसले. त्या क्षणी मला कॅन्सरची भीती वाटत नव्हती. ही गाडी दरीत गेली तर बरं होईल, असं मला खरोखर वाटलं. गाडीत चाळीस माणसं होती, हे नंतर आठवलं.

शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मांडीकडे. तिने बोचक्यातून जुन्या लुगड्याचा तुकडा काढला आणि माझ्या कमरेभोवती गुंडाळला, जसं बाळंतिणीला गुंडाळतात.

"घाबरू नको बाय. माजी सासू तीन वर्सं हातरुनात व्हती. मला काय याची किळस नाय," ती हळू म्हणाली. मग कंडक्टरला मोठ्याने, "आंब्याला गाडी जरा जास्त उभी कर रं. हिला बरं नाय."

घाटमाथ्यावर आंबा गावी चहाच्या टपरीमागे तिने बादली मागून घेतली. मी धुतलं, तिने पाणी ओतलं. मी तिच्यासमोर पिशवी काढली, दुसरी लावली. तिने ते तोंड पाहिलं आणि एवढंच विचारलं, "दुकतं काय?"

"नाही."

"मग बरं."

साडी बदलून आले तर यजमान गाडीच्या दाराशी पाठमोरे उभे होते, विडी ओढत. मलकापूरला ती बाई उतरली. मी तिचं नाव विचारलं नाही. त्या वेळी माझं स्वतःचंच नाव मला धड आठवत नव्हतं.

फुकट गेलेली खेप

कोल्हापुरात डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि पाच मिनिटांत काढली. "काही दिसत नाही. आत अजून बरंच आहे. एनिमा घेतला नाहीत?"

मी म्हटलं, "कुठून घेऊ, ते कागदात लिहिलेलं नाही."

त्यांनी तो कागद मागून घेऊन वाचला. मग म्हणाले, "कागद सगळ्यांसाठी एकच आहे. चूक आमची. तुम्हाला स्टोमातूनच पाणी घालून धुवायला हवं होतं. पण ते कुणीतरी शिकवावं लागतं. पुढच्या महिन्यात या, दोन दिवस इथे भरती होऊन."

खाली कारकुनाने वही बघून सांगितलं, पुढच्या महिन्यातल्या खाटा आधीच भरलेल्या आहेत. मी मनात म्हटलं, भरलेल्याच राहू देत. परत येताना घाटात मी डोळे मिटून बसले. घरी आल्यावर सांगून टाकलं, मी पुन्हा जाणार नाही. जे व्हायचं ते होईल.

यजमान मात्र रोज सकाळी कारखान्यात निघताना चपला घालता घालता विचारायचे, "आज होतं का?" मी सांगायचे, नव्हतं. कधी खरं, कधी खोटं.

पंधरा दिवसांनी मी होतं म्हणून सांगितलं. दोन दिवस लागोपाठ रक्त होतं. ते उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "चल ना गं परत."

"एस.टी.त बसून?"

"एस.टी.त बसून."

मग मी ते विचारलं, जे पंधरा दिवस विचारायचं टाळत होते. "तुम्ही दोन रांगा मागे होतात. तुम्हाला कळलं नव्हतं?"

मला वाटलं, नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तर मी ते खरं मानलं असतं, आम्हा दोघांनाही सोपं गेलं असतं. त्यांनी चपलेचा अंगठा नीट केला.

"कळलं होतं. पाय उचलले नाहीत," ते म्हणाले.

मी आत गेले. त्या दिवशी ते कामावर गेलेच नाहीत. पडवीत बसून होते. सासूबाईंनी दोघांना दोन ठिकाणी चहा दिला. मला राग आला होता का, ते आता नीट सांगता येत नाही. राग यायलाही अंगात काही लागतं. दुपारी मी बाहेर जाऊन म्हटलं, "जायचं तर आधी ते पाणी घालायचं कोण शिकवणार, ते बघा." ते लगेच उठले, सायकल काढली.

मयेकरकाका

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून त्यांना एक पत्ता मिळाला. दाभोळचे मयेकर. जहाजावर इंजिनखात्यात नोकरी केलेले. सहा वर्षांपूर्वी परदेशातल्या बंदरात त्यांचं माझ्यासारखंच ऑपरेशन झालं होतं. यजमानांनी कार्ड टाकलं, आम्ही भेटायला येऊ का, म्हणून. उत्तर आलं नाही. आठव्या दिवशी मयेकरकाकाच दारात उभे. तरीने खाडी ओलांडून, दोन एस.टी. बदलून आलेले. खाकी पिशवी खांद्याला, डोक्यावर टोपी. रविवार होता.

"आजारी बाईला काय प्रवास करायला लावायचा? मी धडधाकट आहे," ते म्हणाले. पाणी प्याले आणि सरळ मुद्द्यावर आले. "ताई, तुम्हाला संकोच वाटणार. म्हणून मी माझ्यावर करून दाखवतो. यजमानांनी बसावं, आजींनीही बसावं."

त्यांनी सदरा वर केला. मी आजवर दुसऱ्या कुणाच्या पोटावर ते पाहिलं नव्हतं. तसंच लाल, तसंच ओलं, त्यांचं जरा आडवं. इतके महिने मला वाटत होतं की रत्नागिरी जिल्ह्यात असं पोट माझं एकटीचं. मी रडले. काका थांबले, सदरा धरून तसेच उभे राहिले, माझं आवरेपर्यंत.

मग त्यांनी शिकवलं. एनिमाचा साधा डबा, त्याला रबरी नळी, नळीच्या टोकाला मऊ रबराचं फनेलसारखं टोक. "हे टोक नुसतं तोंडाशी टेकवून धरायचं. कडक नळी कधी आत ढकलायची नाही, आतडं फाटेल. पाणी कोमट, उकळून निवलेलं. डबा खांद्याच्या उंचीवर, त्याहून वर नाही. कळ आली की नळी चिमटायची, श्वास घ्यायचा, मग परत सोडायचं. घाई केली की बिघडलं."

"तिथे कोणी शिकवलं तुम्हाला?" सासूबाईंनी विचारलं.

"एका नर्सने. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी नाही. आठ दिवस रोज उभी राहिली. नवव्या दिवशी मी एकट्याने केलं, तेव्हा तिने टाळी वाजवली." काकांनी सदरा खाली केला. "इथे आल्यावर बायकोने वर्षभर माझं ताट वेगळं ठेवलं. तिला वाटायचं, लागण होते. मग एक दिवस स्वतःच उचलून आपल्या ताटाशेजारी ठेवलं. मी विचारलं नाही का म्हणून."

जेवायला थांबले. जाताना खाकी पिशवीतलं दुसरं रबरी टोक काढून माझ्या हातात दिलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांना मी पत्र लिहून विचारलं, भरती न होता आमचं आम्ही असं केलं तर चालेल का. उलट टपाली उत्तर आलं: चालेल, पण आधी घरी तीनचार वेळा सराव करा. वाचणाऱ्यांनो, तुम्हीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. प्रत्येकाचं आतडं वेगळं, ऑपरेशन वेगळं.

दुसरी खेप

सराव केला. पहिल्यांदा अर्धं पाणी जमिनीवर गेलं. तिसऱ्यांदा जमलं.

या वेळी आम्ही आदल्या दिवशी सकाळीच निघालो. पोटात पेजेचं पाणी. एरंडेलाची बाटली सामानात, न उघडलेली. प्रवासात ते पोटात नको, ही अक्कल पहिल्या खेपेने आली होती. यजमानांनी कंडक्टरला सांगून माझ्या शेजारची जागा घेतली. दोन साड्या, जुने पंचे, जादा पट्टा हे सगळं त्यांच्या मांडीवर. घाटात काही झालं नाही. आंब्याला ते उतरले आणि टपरीमागे कुठे पाणी मिळतं, ते बघून आले.

इस्पितळाजवळ एका धर्मशाळेत स्वतंत्र मोरी असलेली खोली घेतली. दोन वाजता एरंडेल घेतलं. शहाळ्याचं पाणी मध्ये मध्ये. संध्याकाळपर्यंत मी मोरीतच होते. आतून काही निघायचं राहिलं असेल असं वाटेना, आणि तरी निघत होतं. कंबर मोडून गेली.

सकाळी उजाडताना पाणी घालायला घेतलं. डबा मोरीतल्या खुंटीला टांगला. स्टुलावर बसले, टोक टेकवलं आणि समोरची भिंत फिरायला लागली. तीन दिवस पोटात अन्न नव्हतं. मी भिंतीला हात टेकला. टोक सुटलं, पाणी अंगावर आलं.

"काय झालं?" बाहेरून आवाज आला.

"चक्कर येतेय. आत या."

दार लोटून ते आत आले. माझ्या अंगावर परकर तेवढा होता, पोट उघडं. त्यांनी आधी मला धरलं. मग नळी चिमटली, काकांनी दाखवली होती तशी. मेकॅनिकचा हात, नळी धरायची त्याला सवय. मग पायांवर बसून त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी छताकडे बघत होते.

"लहान आहे गं," ते म्हणाले.

"किती मोठं वाटलं होतं?"

"काय माहीत. काकांचं पाहिलं होतं, तरी तुझं माझ्या डोक्यात पोटभर होतं."

त्यांनी टोक नीट टेकवून धरलं. "कळ आली की सांग." मी सांगायचे, ते चिमटायचे. तीन डबे झाले. शेवटच्या वेळी जे पाणी परत आलं ते नितळ होतं. त्यांनी ते उजेडाला धरून पाहिलं, इंजिनातलं तेल बघतात तसं, आणि "झालं," म्हणाले.

तपासणीचं फार सांगण्यासारखं नाही. सुईने थोडी गुंगी येते. आत हवा भरतात तेव्हा पोटाला तडस लागल्यासारखं होतं. दुखलं की सांगावं, ते थांबतात. डॉक्टर म्हणाले, "आज लख्ख दिसतंय. कुणी शिकवलं?" मी सांगितलं, दाभोळच्या एका खलाशाने. आत उजव्या बाजूला वाटाण्याएवढे दोन मोड होते, डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणाले. एकातून रक्त येत होतं. तारेच्या फासाने दोन्ही काढले. मला कळलंही नाही. साधे आहेत की त्यातही काही आहे, ते तपासून कळवणार होते.

दहाबारा दिवस लागतील, म्हणाले. सोळा लागले. त्या सोळा दिवसांचं काय सांगू? ऑफिसात मी एका पत्रात तीनदा तीच चूक केली. यजमान बाहेरच्या खोलीतून अंथरूण उचलून आत आले.

पत्र शनिवारी आलं. यजमानांनी फोडलं. त्यांना इंग्रजी सावकाश वाचता येतं. ओठ हलवत वाचलं, मग माझ्याकडे दिलं, चुकीचं तर वाचलं नाही ना म्हणून. दोन्ही मोड साधे. कॅन्सर नाही. वर्षाने पुन्हा तपासायचं.

सासूबाई देवापुढे साखर ठेवायला उठल्या. मी म्हटलं, मी जरा पडते. पडले ती दुपारचं जेवण, चहा, सगळं चुकवून झोपले. मध्ये कधीतरी शेजारच्या काकू विचारायला आल्या. अर्धवट झोपेत मला दाराशी बोलणं ऐकू आलं.

"आज अजून निजलेली? पुन्हा काही झालं का हो तिला?"

"नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "दमल्ये. झोपू दे."